तोक्सेकेला जरा बरं नाही

काराशुकुर, १४ सप्टेंबर १९९६

कोके,

आवाज गुलझियाचा असला तरी बोलतोय मी, तुमचा धाकटा, येर्मेक. शिव्या द्यायच्या झाल्या तर मला द्या, ती बिचारी शेजारची पोर नुसती वाचून दाखवतेय. आणि उठून बाहेर जाऊ नका. तुमचा गुडघा मला माहीत आहे, परत बसताना त्रास होईल.

गुलझिया, कोके उठलेच तर वाचायची थांबू नकोस. बूट शोधायला त्यांना वेळ लागतो, तेवढ्यात बरंच ऐकून होईल.

मी धडधाकट आहे. इकडे मांगिस्तावात एका म्हाताऱ्याच्या उंटांवर कामाला आहे. उंट राखायला दुसरे लोक आहेत, माझ्याकडे मोटारसायकल असते. उराल. तिला बाजूला माणूस बसायची टोपली होती, ती वाळूत अडकते म्हणून काढून टाकली, आता त्यात बकऱ्या पाणी पितात. गाडी इतकी जड आहे की आडवी झाली तर एकट्यानं उचलताना आजोबा आठवतात. स्टेशनावरून माणसं आणायची, उंटांच्या तळावर पीठ-चहा पोचवायचा, हरवलेला उंट हुडकायचा, ही माझी कामं. मला आवडतं. एका जागी बसायचं नसतं.

धाकट्यानं घर सोडायचं नसतं, आईबापांजवळ राहायचं असतं, हे तुम्ही दारात उभे राहून मला सांगितलं होतं, आणि मी काय उत्तर दिलं ते तुमच्याही लक्षात असेल. त्यावर आज काही लिहीत नाही. भांडायला कागद अपुरा पडेल.

लिहितोय ते वेगळ्याच कारणानं. आज सकाळी आमच्या म्हाताऱ्याचा, म्हणजे तोक्सानचा, आम्ही मानानं तोक्सेके म्हणतो त्याचा, मुलगा इसातय माझ्याकडे आला. मी गाडीची साखळी, नाही, हिला साखळी नसते, मी तेल बघत होतो. तो आला आणि हँडलला धरून उभा राहिला. माझ्याकडे बघेना. म्हणाला,

"म्हाताऱ्याला जरा बरं नाही. बाल्झान अपाला बघायचंय म्हणतो. सोरकुडुकला जा आणि तिला घेऊन ये."

मी म्हटलं, "जरा?"

"जरा."

"तिला काय सांगू?"

"हेच सांग."

कोके, तुम्हाला वेगळं सांगायला नको. आजोबा गेले तेव्हा तुम्ही बोटीवर होतात. मासळीच्या गोदामातला माणूस धक्क्यावर आला आणि म्हणाला, तुझ्या बाबाला जरा बरं नाही, घरी बोलावलंय. तुम्ही जाळं खाली ठेवलं आणि टोपी काढली. मी लहान होतो, मला कळेना. बरं नाही तर औषध द्या की, टोपी कशाला काढायची? घरी येईपर्यंत ती तुम्ही परत डोक्यावर घातली नाहीत. आपल्यात गेलेल्या माणसाची बातमी त्याच्या माणसांना तोंडावर कोण सांगतं? वाटेत कोणी कोसळू नये म्हणून "जरा बरं नाही" म्हणतात आणि घरापर्यंत आणतात.

तर मी हातातलं फडकं टाकून घराकडे वळलो. बघतो तर दारात नर्सबाईंची जीप उभी. इसातयची बायको आत-बाहेर करतेय, रुमालाच्या टोकानं तोंड पुसतेय. खुंटाला एक बोकड बांधलेला, कापायचा असतो तसा बाजूला. आतून एकदा विव्हळल्यासारखा आवाज आला, मग काहीच नाही. मी आत जायला निघालो तर इसातय म्हणाला, "आता नको. तू निघ."

बाल्झान अपा ही तोक्सेकेची मोठी बहीण. त्यांचं बोलणं किती वर्षांपासून बंद आहे ते इथं कोणालाच नीट सांगता येत नाही. तिला पोचवायचं आहे मातीच्या आधी. भावाचं तोंड न बघता त्याला पुरलं तर ती पुढं जगणार कशी? घरच्या ट्रकचा आस मोडलाय, तो अंगणात पडलाय, आणि नर्सबाईंची जीप त्यांच्याच फेऱ्यांना लागते. उरलो मी आणि उराल.

टाकी भरून झाली. निघतो. पत्र तसंच खिशात ठेवतोय, वाटेत भर घालीन.

—

तास्कुडुकची विहीर, १५ सप्टेंबर, दुपारी

कोके, वारा सुटलाय. समोरचा रस्ता दिसत नाही, म्हणून विहिरीवरच्या पंपवाल्याच्या खोलीत बसलोय. अपा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही. मला पाठीवरून कळतं.

काल पोचलो तेव्हा ती सांडणीचं दूध काढत होती. एका पायावर उभी, दुसऱ्या गुडघ्यावर बादली. मी गाडी लांबच बंद केली, उंट बिचकू नयेत म्हणून. तिनं मान वळवली नाही.

"कोणाचा तू?"

"तोक्सेकेकडे असतो, अपा."

हात थांबला. बादलीत दुधाची धार पडायची थांबली.

"मग?"

"तोक्सेकेला जरा बरं नाही. तुम्हाला बघायचंय म्हणतात."

ती सरळ झाली. बादली खाली ठेवली, सांडणीच्या मानेवरून हात फिरवला, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"जरा बरं नाही?"

"जरा."

"पाठवलं कोणी? इसातयनं?"

"हो."

"सांगताना तुझ्या डोळ्यात बघत होता?"

मी म्हटलं, "ऊन होतं, अपा. डोळ्यावर येत होतं."

"हं," म्हणाली. "चांगल्या घरचा आहेस." आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा डोक्याला पांढरा रुमाल, मयताला जाताना बांधतात तसा घट्ट, अंगात एकावर एक दोन जाड लांब चपान, हातात गाठोडं. सुनेला म्हणाली, "उंटिणीला उद्या तू बघ." सून रडायला लागली तर तिच्यावरच डाफरली, "काय झालंय रडायला? जरा बरं नाहीये त्याला!"

गाडीपाशी आली तर मी म्हटलं, बायका एका बाजूला पाय सोडून बसतात. "मी काय नवरी आहे?" म्हणाली आणि चपान वर खोचून टांग टाकून बसली. मी समजवायला गेलो की गाडी कलली की तुम्हीही तशाच कला, उलट्या बाजूला ओढू नका, आणि काहीही झालं तरी पाय खाली टेकवू नका. तर म्हणते, "तुझ्या बापाला दात आले नव्हते तेव्हापासून मी उंटावर बसते. चालव."

मग उंटाच्या केसांचा दोर काढला आणि तो स्वतःभोवती आणि माझ्या कमरेभोवती फिरवून गाठ मारली. "तू मला टाकून पुढं जायला नको."

कोके, तुम्ही मोटारसायकल चालवली नाहीत, म्हणून सांगतो. मऊ वाळूत मागे जड माणूस असलं की पुढचं चाक हलकं होतं आणि सापासारखं वळवळतं. चाकाकडे बघायचं नाही, लांब बघायचं. मूठ सैल सोडायची नाही, सोडली की गाडी जिथल्या तिथं रुतली. वाळू लागली की टायरमधली हवा कमी करायची, दगड लागले की पंप मारून भरायची. हे सगळं मला येतं. पण मागचा माणूस काय करेल ते मला कसं ठाऊक? तो आखडला की हँडल आखडतं. तो घाबरून डावीकडे झुकला की गाडी डावीकडे. मागे बसलेल्याच्या मनात काय चाललंय ते हँडलला आधी कळतं, तोंडातून शब्द नंतर येतो.

अपा पहिल्या टेकाडांमध्ये लाकडासारखी ताठ होती. सॅक्सॉलच्या झुडपांच्या मुळांवरून गाडी उडायची तशी ती माझी हाडं आवळायची.

गुलझिया, पुढची ओळ मनात वाच. आम्ही पडलो. वाळूतच पडलो, हळू, पण दोराला बांधलेले असल्यामुळे एकदमच पडलो, आणि गाडी माझ्या पायावर. पायाला काही झालेलं नाही, जरा सुजलाय. आता मोठ्यानं वाच.

एके ठिकाणी आम्ही थोडे थांबलो. अपानं माझ्यासोबत गाडी उचलली. खोटं वाटेल, पण तिच्या अंगात बैलाची ताकद आहे. उचलता उचलता म्हणते, "हाच घोडा सापडला का तुला?" मी म्हटलं, "हाच रडत नाही, अपा." त्यावर ती पहिल्यांदा हसली. आणि हसली म्हणून की काय, बसल्यावर रडायलाच लागली.

रात्र वाळूतच काढली, उजाडल्यावर पुढं ताकिर लागलं. आपल्या वाळलेल्या समुद्राच्या तळासारखं, टणक, सपाट, भेगांचं, नजर जाईल तिथपर्यंत. तिथं गाडीला आवाज कमी होतो, नुसती घरंगळते. आणि अपानं माझ्या कानाशी गाणं धरलं. मेलेल्यासाठी बायका धरतात ते.  तोक्सेकेचं नाव घेऊन, लहानपणापासून. तू घोड्यावरून पडलास तेव्हा मी तुला पाठीवर घेतलं. तू पहिली दाढी केलीस तेव्हा गालभर कापून घेतलंस. आणि मधेच, "अरे हट्टी उंटा, अरे दगडा, एका हाडकापायी बहिणीला टाकलंस!"

हाडकाची गोष्ट मला तेव्हा कळली. तिच्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं त्या जेवणाला शेकडो माणसं आलेली. माहेरचा म्हणून तोक्सेकेपुढं मेंढराचं शिजवलेलं डोकं ठेवायचं, मानाच्या पाहुण्याचं असतं ते. ताटं लावणाऱ्या पोरीनं घाईत त्याच्यापुढं मानेचं हाडूक ठेवलं आणि डोकं गेलं पलीकडच्या कोणा सोयऱ्याकडे. तोक्सेके उठला, हातसुद्धा धुतला नाही, घोड्यावर बसला. अपा म्हणाली, "मला वाटलं, वसंत आला की येईल. त्याला वाटलं असेल, मी येईन. वसंत काय, दरवर्षी येतो."

कोके, गंमत बघा. ती रडत होती तेव्हा माझ्या पाठीवर सैल पडली होती, पिठाच्या पोत्यासारखी, आणि गाडी इतकी छान चालली की मला लाज वाटली. हाडकाची आठवण झाली की पुन्हा ताठ, की हँडल लगेच डगमगलं. मी न बघता सांगू शकत होतो, आता रडतेय, आता चिडलीय.

इथं विहिरीवर पंपवाल्यानं चहा दिला. अपानं वाटी हातात धरली, प्यायली नाही. माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "पोरा, खरं सांग. गेला का?"

मी काय सांगणार? मला तरी कोणी सांगितलंय? आणि माहीत असतं तरी मी सांगितलं असतं का? मी म्हटलं, "इसातय म्हणाला, जरा बरं नाही."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "तू कुठला?"

"अरालकडचा."

"आई?"

"नाही."

"बाप आहे?"

"आहेत."

"भावंडांत कितवा?"

"धाकटा."

"धाकटा!" वाटी खाली ठेवली. "धाकटा असून इथं परक्याच्या उंटांमागं? बापाला पत्र तरी टाकतोस?"

"टाकतो."

खोटं बोललो. पण हे लिहितोच आहे, तेव्हा अर्धं तरी खरं.

कोके, मला वाटतं तोक्सेके गेला. मी त्याला म्हाताऱ्या म्हणतो, तो मला गाढव म्हणतो. गेल्या हिवाळ्यात मला ताप होता तर स्वतःची गोधडी माझ्यावर टाकून म्हणाला होता, "मरू नकोस, गाडी कोण चालवणार?" आता तो आत पडला असेल, तोंड पश्चिमेकडे करून, आणि माणसं वाट बघत असतील बहिणीची. आज पोचलो नाही तर ते थांबणार नाहीत. उकाडा आहे अजून, मयत फार ठेवता येत नाही.

वारा बसतोय. अपा उठून बसली. दोर हातात घेतलाय.

—

काराशुकुर, १६ सप्टेंबर

कोके, गुलझिया, बसलात ना नीट? गुलझिया, हे वाचताना हसू नकोस, नाहीतर कोकेंना शब्द कळायचे नाहीत.

काल विहिरीवरून निघालो. मिठाच्या दलदलीला वळसा घातला, कारण तिथं वरची पपडी फुटली तर गाडी पोटापर्यंत आत जाते. तळाच्या अलीकडे शेवटचं ताकिर लागलं. लांबून घरं दिसली. धूर दिसला. बरीच माणसं दिसली. अपानं माझ्या खांद्यावर हात आपटला.

"थांब."

थांबलो. तिनं रुमाल झटकला, चपान सारखे केले.

"तू माझ्याबरोबर आलास म्हणजे माझ्या बाजूचा पुरुष तूच," म्हणाली. "मेलेल्याच्या घरी आपले लोक कसे जातात माहीत आहे ना?"

माहीत आहे. घोडे फेकत जातात. लांबूनच ओरडत, "ओय बाउरिमाय, अरे माझ्या रक्ताच्या!" करत, घोडा दारात जाऊन थांबेपर्यंत.

"पण अपा, ही मोटारसायकल आहे."

"मग ती पळत नाही का?"

कोके, मी मूठ पिळली. आयुष्यात इतक्या जोरानं ती गाडी मी पळवली नाही. ताकिर खाली नुसतं वाहत होतं. अपा मागून, "बाउरिमाय! एकुलत्या एक भावा!" आणि मी पुढून, "ओय बाउरिमाय!" आणि मी काही खोटं रडत नव्हतो. खरंच रडत होतो, डोळ्यांवर वेल्डरचा चष्मा, त्यात आत पाणी साठलं, मला समोरचं दिसेना. कुत्री भुंकत आली. बकऱ्या फुटल्या. उंट पळाले. माणसं घरातून धावत बाहेर आली, इसातय पुढं, त्याची बायको हातात झारा घेऊन, नर्सबाई तिच्या मागं.

आणि दारातून तोक्सेके बाहेर आला.

लांब चड्डीवर. हातात उंटाच्या दुधाची वाटी. ओठावर पांढरी मिशी, ती दुधाची.

मी ब्रेक मारला. गाडी आडवी-तिडवी होत त्याच्या पुढ्यात थांबली. अपाचे डोळे मिटलेले, ती अजून रडतेच आहे, "भावा, मला टाकून कुठं गेलास!" तोक्सेकेनं तिच्याकडे बघितलं. पांढरा रुमाल बघितला. मला रडताना बघितलं. त्याच्या हातातली वाटी गळून पडली.

"बेक्तास गेला?" म्हणाला. बेक्तास हा अपाचा थोरला, रेल्वेत आहे. कोणी काही बोलायच्या आत म्हाताऱ्यानं हंबरडा फोडला, "ओय बाउरिमाय! अरे माझ्या भाच्या!" आणि बहिणीच्या गळ्यात पडला.

मी मध्ये. दोर बांधलेला. इंजिन चालू. एका बाजूनं अपा रडतेय, एका बाजूनं तोक्सेके, दोघांची आसवं माझ्याच मानेवर. त्यांचं बघून इसातयची बायको रडायला लागली. तिचं बघून नर्सबाई.

शेवटी इसातय ओरडला, "अरे पण गेलं कोण?"

"हा गेला!" अपा म्हणाली.

"हा कोण?"

"हा, माझा तोक्सान!"

आणि डोळे उघडले. तिनं हात लांब करून त्याच्या दाढीला हात लावला. मग नाकाला. मग ओठावरचं दूध बोटानं पुसून बघितलं.  मी गाडी बंद केली.

मग तिनं त्याला अशी थोबाडीत मारली की नर्सबाई म्हणाली, "अहो, आजारी माणूस आहे!"

"मेलास म्हणून आले मी!"

"मग परत जा!" म्हातारा गाल चोळत म्हणाला. "मरेन तेव्हा ये!"

"सगळं रडून टाकलं मी वाटेत! आता तू खरा मेलास तर मी काय करू? कुठून आणू?"

"मग तू आधी मर, मी रडतो तुझ्यासाठी!"

दोघांनी एकमेकांना सोडलं मात्र नव्हतं. भांडण चालू आणि हात तिथंच. आणि मी अजून मध्येच. शेवटी इसातयनं चाकूनं दोर कापला.

झालं होतं असं की म्हाताऱ्याला मुतखडा. मी निघालो त्याच्या आदल्या रात्री तो इतका तळमळला की त्याला वाटलं, संपलं. म्हणाला, बहिणीला बोलवा. सकाळी नर्सबाईनं इंजेक्शन दिलं, पाणी पाजपाज पाजलं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी खडा पडला. मसुराच्या दाण्याएवढा. काडेपेटीत ठेवलाय, येईल त्याला उघडून दाखवतो. बोकड होता तो बरं वाटावं म्हणून बोललेला, तो कापला म्हणून ती माणसं आणि तो धूर.

मी इसातयला धरलं. "तू मला काय म्हणालास?"

"म्हाताऱ्याला जरा बरं नाही म्हणालो! खरंच बरं नव्हतं!"

"माझ्या डोळ्यात का बघितलं नाहीस?"

"रात्रभर त्याचे पाय धरून बसलो होतो, डोळे उघडत नव्हते माझे! आणि मी काय म्हणायला पाहिजे होतं? तूच सांग. आजारी माणूस आजारी आहे हे सांगायचं कसं?"

 त्याची बायको म्हणाली, "ठणठणीत आहे म्हणून सांगायचं. मग बघ कसे धावत येतात."

हसून हसून माझी बरगडी दुखली. तिथं आधीच अपानं आवळून निळं केलं होतं.

आज सकाळपासून दोघं चहावर बसली आहेत. अपा सांगते ही गोष्ट अशी झाली, तोक्सेके म्हणतो तशी नाही झाली, मग दोघं ओरडतात, मग चहा. मानेच्या हाडकाचा विषय निघाला तेव्हा मी बाहेर पळालो. आत कोणीतरी वाटी आपटली. मग म्हाताऱ्याचं हसणं ऐकू आलं.

—

काराशुकुर, १९ सप्टेंबर

कोके,

काल मी टायरमध्ये हवा भरत होतो, उद्या अपाला घरी सोडायचं आहे म्हणून. ती येऊन बाजूला उकिडवी बसली. पंपाचे फटके मोजल्यासारखी बघत राहिली. मग हळू म्हणाली,

"येर्मेक, एक सांगू? कोणाला सांगू नकोस."

(तुम्हाला सांगतोय, ते चालेल.)

"तू आलास आणि जरा बरं नाही म्हणालास. मला तो नुसता आजारी आहे असं वाटलं असतं ना, तर मी आले नसते."

मी पंप थांबवला.

"सुनेला म्हटलं असतं, दह्याचे चार सुके कुर्त बांध, थोडं लोणी दे, पोराच्या हाती पाठव. स्वतः आले नसते. तो आधी येऊ दे म्हटलं असतं." मग टायर दाबून बघत, "तो मेला वाटलं म्हणून आले. मेलेल्यावर कोण रागावतं?"

आणि उठून गेली. सुजलेल्या पायानं मी तिथंच बसून राहिलो. गुलझिया, हो, पाय सुजलेलाच आहे, आता मोठ्यानं वाच, लपवून काय करू.

मला काय आठवलं सांगू? तो विहिरीवरचा प्रश्न. गेला का? मी तोक्सेकेसाठी रडत होतो असं मी वर लिहिलंय. ते खरं आहे. पण चष्म्यात पाणी आलं ते सगळं काही तोक्सेकेचं नव्हतं. त्या ताकिरावर, ते घर जवळ येत होतं आणि दारात माणसं उभी होती, तेव्हा मला ते घर इसातयचं दिसलंच नाही.

आज ट्रकवाला मुखान आला. लोकर घेऊन तुमच्या बाजूला निघालाय. मला म्हणाला, "तुझ्या बापाला काय निरोप देऊ?"

मी म्हटलं, "निरोप देऊ नकोस. तोंडानं काही सांगू नकोस. येर्मेकला जरा अमुक, येर्मेकला जरा तमुक, असलं काही तर अजिबात नको. नुसतं हे पाकीट दे आणि मुलगी वाचेपर्यंत बस."

तोक्सेकेला विचारलं तर म्हणाला, "अपाला सोड आणि गाडी घेऊन तसाच पुढं जा. परत आलास तर बरं, नाही आलास तर गाडी पाठव." मी म्हटलं, गाडी एकटी कशी येईल? म्हणाला, "तुझ्यापेक्षा शहाणी आहे ती, येईल."

घरी राहीन का ते विचारू नका, कोके. मला माहीत नाही, आणि आत्ता खोटं बोलवत नाही. चहा पिईन. तुमचा गुडघा बघीन. तुम्ही बोलला नाहीत तरी चालेल, मी बोलेन, मला आता मागं बसलेल्याचं न बोलताही कळतं.

तुम्ही बरे आहात हे मला माहीत आहे, कारण तुम्हाला जरा बरं नाही असं सांगत अजून माझ्याकडे कोणी आलेलं नाही. तेवढ्यावर निघतो आहे. कोणी यायच्या आत.

मुखान माझ्या आधी पोचेल. तेव्हा गावाच्या टोकाला धूळ दिसली तर घाबरू नका. तिथं आलो की गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकीन आणि अगदी हळू येईन, पायी चालणाऱ्या माणसाएवढा हळू, एकही शब्द न ओरडता. म्हणजे लांबूनच सगळ्यांना कळेल की मेलेलं कोणी नाही, नुसता मुलगा घरी येतोय.

तुमचा,
येर्मेक